नऊ फुल्या आणि चौदा अंडी

आमची ठिपकी कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली तेव्हा मी तिच्याखाली नऊ अंडी ठेवली आणि प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एक बारीक फुली काढली. दहाव्या दिवशी मोजली तेव्हा ती चौदा भरली.

यात नवल काहीच नव्हते. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा, फार तर अर्धा तास, खाण्यापिण्यासाठी आणि धुळीत लोळण्यासाठी उठते. तेवढ्या वेळात खुराड्यातल्या बाकीच्या कोंबड्या तिच्याच घरट्यात येऊन अंडी घालून जातात, कारण जिथे आधीच अंडे दिसते ती जागा कोंबडीला भरवशाची वाटते. एखादी धीट कोंबडी तर ती बसलेली असतानाच तिला कडेला रेटून आपले काम उरकते, आणि खुडूक बसलेली ते परके अंडेही चोचीने ओढून पोटाखाली घेते. म्हणूनच फुली नसलेले अंडे रोज संध्याकाळी उचलायचे असते. मी फुल्या काढल्या होत्या, पण कोंबडी दिवसभरात कितीतरी वेळा अंडी उलटीपालटी करते आणि छातीवरची पिसे झडून उघडी पडलेली तिची कातडी त्यांच्यावर सतत घासत असते, हे मी हिशेबात धरले नव्हते. आठवडा उलटेपर्यंत माझ्या फुल्या इतक्या पुसट झाल्या, की हातात घेतलेल्या अंड्यावर दिसते ती फुली आहे की शिटेचा डाग आहे, हेच कळेनासे झाले. जुने अंडे चुकून उचलले जाईल या भीतीने मी सगळीच तशी राहू दिली.

दहाव्या रात्री अंधार करून एकेक अंडे विजेरीवर धरले. नऊ अंड्यांत काळपट गोळा आणि भोवती तांबड्या शिरांचे दाट जाळे स्पष्ट दिसत होते. उरलेल्या पाचांपैकी दोघांत कोळ्याच्या जाळ्यासारखे चार-दोन बारीक धागे होते आणि तीन अंडी नुसतीच पिवळसर उजळली. तिसऱ्या दिवसानंतर अंड्यात रक्ताचा एक ठिपका दिसतो आणि तो जिवंत असल्यासारखा हलतो, असे अ‍ॅरिस्टॉटलने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. धागे दिसणाऱ्या दोन अंड्यांत हा ठिपका असणार, एवढ्या विचाराने माझा हात थांबला आणि मी पाचही अंडी परत ठेवली. आज विचाराल तर ती त्याच रात्री काढायला हवी होती, असेच मी सांगेन. त्या वेळी माझ्याच्याने ते झाले नाही. चौदाव्या दिवशी पुन्हा पाहिले तेव्हा तीन कोऱ्या अंड्यांपैकी एकात शिरा उमटल्या होत्या आणि दोन तशीच कोरी राहिली होती. ती दोन काढून टाकली. आता ठिपकीखाली नऊ जुनी आणि तीन नवी अंडी होती, आणि ती तीन अनुक्रमे पाच, सहा आणि आठ दिवसांनी मागे होती.

आठ दिवसांचा हा फरक एवढा मोठा का, हे समजायला कोंबडी तिच्या स्वतःच्या रीतीने पिल्ले कशी काढते ते पाहावे लागते. ती रोज फार तर एक अंडे घालते, म्हणजे दहा-बारा अंड्यांचा साठा जमायला तिला दोन आठवडे लागतात. तरीही त्या सगळ्या अंड्यांतून पिल्ले जवळजवळ एकाच दिवशी बाहेर येतात. याचे कारण असे, की फळलेले अंडे साधारण २० अंश सेल्सिअसच्या खाली राहिले तर आतल्या गर्भाची वाढ थांबून राहते. अंडी घालण्याच्या दिवसांत कोंबडी घरट्यात थोडाच वेळ बसते आणि उठून जाते, त्यामुळे पहिले अंडे शेवटच्याची वाट पाहत पडून राहते. ही वाट अर्थात कायमची पाहता येत नाही. आठवडाभर ठेवलेली अंडी चांगली फळतात, दहा दिवसांनंतर त्यांचा जोम भराभर उतरत जातो. साठा पुरेसा झाला की कोंबडीच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते, ती अंडी घालायची थांबते आणि बैठक मारते. तिच्या अंगाची उष्णता ४१ अंशांच्या आसपास असते, तिच्या छातीला टेकलेली अंडी तापतात, आणि सगळ्यांचे दिवस एकदम मोजायला सुरुवात होते. म्हणजे पिल्ले एकाच वयाची असणे हा योगायोग नसतो. कोंबडीचे सगळे आईपण त्या एका गोष्टीवर उभे असते, आणि माझ्या पुसट फुल्यांनी नेमकी तीच गोष्ट बिघडवून ठेवली होती.

अठराव्या दिवसानंतर ठिपकी अंडी फिरवेनाशी झाली. या सुमारास पिल्लू अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घुसवते आणि पहिल्यांदा फुप्फुसाने श्वास घेते. कवच अजून अखंड असते, तरी आतून बारीक चिवचिव ऐकू येते. विसाव्या दिवशी घरट्याशी कान नेला तेव्हा ती मला ऐकू आली, आणि तिला उत्तर म्हणून ठिपकीचा एक अगदी खालच्या पट्टीतला, घशातल्या घशात फिरणारा आवाजही ऐकू आला. एरवी ती असा आवाज कधीच काढत नाही. लावा पक्ष्यांची पिल्ले तर कवचातून एकमेकांना टकटक ऐकवत बाहेर येण्याची वेळ जुळवून घेतात. एकविसाव्या दिवशी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत नऊपैकी सात पिल्ले बाहेर आली. उरलेली दोन अंड्यातच दगावली.

इथून पुढे खरी अडचण सुरू झाली. अंड्यातून बाहेर येण्याच्या थोडे आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते, आणि त्या शिदोरीवर ते दोन दिवस, कधी कधी तीन दिवसही, काही न खाता राहू शकते. कोंबडीसाठी ही सवलत असते, कारण मागे राहिलेल्या एखाद-दुसऱ्या अंड्यासाठी तिला आणखी एक-दोन दिवस बसता येते. त्यानंतर मात्र पायावर उभे असलेले पिल्लू आणि कवचातले पिल्लू यांतले एकच तिला निवडावे लागते, आणि ती पायावर असलेलेच निवडते. ठिपकीने बावीसावा दिवस बसून काढला. तेविसाव्या दिवशी सकाळी ती सात पिल्ले घेऊन उठली आणि घरट्याकडे तिने वळूनही पाहिले नाही. मी दुपारी पाहिले तेव्हा तीन अंडी हाताला गार लागत होती. तिला उचलून परत घरट्यात बसवायचा मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा ती उठली. शेवटी आई म्हणाली, "अगं, तिचं मन आता अंड्यांत नाही. तू तिच्यामागे लागू नकोस, अंड्यांचं काय ते बघ."

ओळखीतल्या एकांचे छोटे उबवणी यंत्र मागून आणले आणि ३७.५ अंशांवर लावून तीनही अंडी त्यात ठेवली. इतक्या वेळ थंड पडलेल्या अंड्यांची मला फारशी आशा नव्हती. पण अठरा दिवसांचा गर्भ स्वतःही थोडी उष्णता निर्माण करत असतो आणि उबवणीच्या शेवटच्या दिवसांत तीन-चार तासांचा गारवा त्याला सोसतो.  सव्विसाव्या दिवशी पहिले पिल्लू बाहेर आले, सत्ताविसाव्या दिवशी दुसरे आणि एकोणतिसाव्या दिवशी रात्र पडण्याआधी तिसरे. पहिली दोन पिवळसर तपकिरी, म्हणजे सातांच्याच रंगाची होती. तिसरे कोळशासारखे काळे होते. या रंगाने पुढे बराच त्रास दिला.

पिल्लू आईला ओळखते ते जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत. या काळात समोर जे हलते, जे आवाज देते आणि ज्याच्याजवळ ऊब मिळते, त्याच्यामागे जायचे असे ते ठरवून टाकते. डग्लस स्पॉल्डिंग या इंग्रज निरीक्षकाने १८७३ साली कोंबडीच्या पिल्लांबद्दल हे लिहिले होते, आणि १९३५ साली ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेंझने हंसाच्या पिल्लांवरून तेच अधिक विस्ताराने मांडले. कोंबडीच्या बाजूनेही अशीच एक खिडकी असते. आपली पिल्ले बाहेर आल्यावर पहिले दोन-तीन दिवस तिच्या पोटाखाली रात्रीच्या अंधारात परके पिल्लू सरकवले तर ती सहसा हरकत घेत नाही. जसजसे दिवस जातात तसतशी ती आपल्या पिल्लांचे आवाज आणि रूप ओळखू लागते, आणि ती खिडकी बंद होत जाते. माझ्या पहिल्या दोन पिल्लांच्या वेळी तिची स्वतःची सात पिल्ले सहा दिवसांची झाली होती, म्हणजे खिडकी बहुतेक लागलेलीच होती.

तरी सत्ताविसाव्या रात्री मी प्रयत्न केला. दोन्ही पिल्ले पूर्ण सुकून फुललेली होती. त्यांना दोन मुठींत धरून खुराड्यात गेले, दिवा न लावता ठिपकीच्या पंखाखाली हात घातला आणि मुठी सैल केल्या. तिच्या पोटाखालची जागा आपल्याला वाटते त्यापेक्षा कितीतरी गरम आणि दमट असते, आणि तिथे सात लहान शरीरे एकमेकांत इतकी गुंतलेली होती की नवी दोन कुठे मावली ते मला कळलेही नाही. ठिपकी घशातून गुरगुरली, पिसे फुलवली आणि पुन्हा बसली. मी हात ओढून घेतला तेव्हा मनगटावर तिच्या चोचीचे दोन ठसे होते.

सकाळी उजाडायच्या आधीच जाऊन बसले. सात पिल्ले एकेक करून बाहेर पडली आणि त्यांच्यामागून ती दोन. ठिपकीने मान तिरकी करून त्यांच्याकडे एका डोळ्याने पाहिले. मग तिने जमिनीवरचा एक कण चोचीत धरला, खाली टाकला, पुन्हा उचलला, पुन्हा टाकला, आणि हे करताना ती भराभर टुक-टुक-टुक असा आवाज काढत राहिली. हे तिचे जेवणाचे बोलावणे असते. सात पिल्ले धावत आली आणि कण गेलाही. नवी दोन जागच्या जागी उभी राहून तिच्या चोचीकडे पाहत राहिली. त्यांनी हा आवाज यंत्रात कधी ऐकला नव्हता. तिने दुसरा कण उचलला आणि या वेळी तो त्या दोघांच्या अगदी पायाशी टाकला. त्यातल्या मोठ्याने तो टोचून पाहिला, सांडला, पुन्हा टोचला. दुपारपर्यंत तो आवाज झाला की नऊच्या नऊ पिल्ले धावू लागली. ती तिने स्वीकारली, हे तिथेच ठरले.

पण आईने स्वीकारणे आणि दोन वयांचे एकत्र निभणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्याच दिवशी कळले. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. स्वतःची उष्णता त्याला टिकवता येत नाही. यंत्राच्या पेटीत वाढवले तर या वयात भोवती ३५ अंशांच्या आसपास तापमान ठेवावे लागते आणि दर आठवड्याला ते साधारण ३ अंशांनी उतरवता येते. म्हणून नवे पिल्लू थोडे फिरते आणि परत आईखाली शिरते. आठवड्याचे होत आलेले पिल्लू मात्र बराच वेळ बाहेर काढू शकते आणि त्याला काढायचाही असतो. त्याच्या पंखांची पिसे फुटू लागलेली असतात, अंगात दम असतो आणि पलीकडच्या पाचोळ्यात काय आहे हे त्याला आत्ताच पाहायचे असते. मी घड्याळ लावून बसले. एका तासात ठिपकी अकरा वेळा बसली आणि अकरा वेळा उठली. दोन लहानगी तारस्वरात ओरडली की ती परत येई, पंख पसरून खाली बसे, ती आत शिरत, आणि अंग गरम होण्याआधीच सात जणांची टोळी कुंपणापलीकडे पोचलेली दिसली की तिला पुन्हा उठावे लागे. उठताना एखादे पायात येई. ती पाचोळा उकरू लागली की सातही जण सराईतपणे बाजूला होत, आणि लहान दोघे तिच्या पायाच्या फटकाऱ्याने मातीसह मागे उडत. संध्याकाळपर्यंत मोठे नवे पिल्लू कसेबसे टिकून होते आणि धाकटे पंख खाली सोडून डोळे मिटत होते.

अशा वेळी कोंबडीला काही शिकवता येत नाही, फक्त तिचे अंगण लहान करता येते. दुसऱ्या दिवशी मी तिला नऊ पिल्लांसह चार फूट रुंद आणि सहा फूट लांब जाळीच्या आडोशात ठेवले. खाली कोरडे गवत पसरले आणि उथळ थाळीत पाणी ठेवून त्यात गोटे घातले, कारण पहिल्या दिवसांतले पिल्लू दोन बोटे पाण्यातही बुडून मरते. आता सात जण फार लांब जाऊ शकत नव्हते, म्हणून ठिपकीलाही सारखे उठावे लागत नव्हते. सातांनी जाळीला चोची मारून निषेध नोंदवला. चार दिवसांत दोघांनी पाय धरले.

तिसरे, काळे पिल्लू मी एकोणतिसाव्या रात्री त्याच रीतीने तिच्याखाली सोडले. ते जेमतेम सुकले होते आणि आणखी एक दिवस थांबले तर खिडकी पूर्णच बंद होईल, अशी मला घाई झाली. पहाटे खुराड्यातून जो आवाज आला तो चिवचिव नव्हता, किंकाळी होती. ठिपकीने त्याला कोपऱ्यात दाबून डोक्यावर चोच मारली होती. मी त्याला उचलले तेव्हा टाळूवर तांदळाच्या दाण्याएवढी जागा सोलली जाऊन रक्त आले होते, आणि ते माझ्या तळहातात इतके निपचित पडले की मला ते गेलेच असे वाटले. यात ठिपकीचा दुष्टावा शोधण्यात अर्थ नाही. आठ दिवस तिने पिवळी-तपकिरी पिल्ले पाहिली होती, आणि पहाटेच्या उजेडात तिला आपल्या पिल्लांत एक काळा परका दिसला. एकाच रंगाची पिल्ले सांभाळणारी कोंबडी वेगळ्या रंगाचे पिल्लू हाकलून देते, हे जुन्या कोंबडीपाळांना पक्के ठाऊक असते. त्यांना विचारायचे सोडून मी घाई केली.

जखम कोमट पाण्याने पुसून त्याला खोक्यात दिव्याखाली ठेवले. पण एकटे पिल्लू वाढवणे फार वाईट. ते सतत ओरडते, खात नाही, आणि माणूस दिसला की शांत होते. म्हणजे दोन दिवसांत ते माणसालाच आई मानून बसते आणि मग कोंबडीच्या हाकेला त्याच्या लेखी काही अर्थ उरत नाही. त्याला सोबत हवी होती. मी सत्ताविसाव्या दिवशीचे पिल्लू, म्हणजे नव्या दोघांतले धाकटे, उचलून त्याच्या खोक्यात ठेवले. हे पिल्लू दोन-तीन दिवस ठिपकीबरोबर राहिले होते, तिची हाक ओळखत होते आणि वयाने काळ्यापेक्षा दोनच दिवसांनी मोठे होते. पहिल्या तासाभरात काळ्याने त्याच्या कुशीत डोके खुपसले. दोन दिवस ते दोघे एकाच दिव्याखाली, एकाच थाळीत खात राहिले, आणि मी खोक्याजवळ जाणे मुद्दाम टाळले.

बत्तिसाव्या रात्री दोघांनाही एकत्र परत सोडले. या वेळी पहाटे मी हातात जाळीचा तुकडा घेऊनच बसले होते. उजाडले, ठिपकी उठली, तिने टुक-टुक केले, आणि पिवळे पिल्लू सरळ तिच्याकडे धावले. काळे त्याच्या अंगाला चिकटून धावले. ठिपकीने काळ्याच्या पाठीवर एकदा चोच टेकवली. ती मारण्याइतकी जोरात नव्हती आणि लाडाचीही नव्हती. पिवळे तिच्या पंखाखाली शिरले. काळे क्षणभर बाहेर थांबले, मग वळसा घालून मागे गेले आणि शेपटीच्या पिसांखालून आत घुसले. ठिपकी बसून राहिली.

त्यानंतर तिने त्याला कधी मारले नाही. पण काळे पिल्लू शेवटपर्यंत तिच्या समोरून आत शिरले नाही. बाकीची नऊ छातीखालून किंवा पंखाखालून जात, आणि हे एकटे मागच्या दाराने. जेवणाच्या हाकेलाही ते ठिपकीकडे पाहत नसे. पिवळे धावले की ते धावे. तिने त्याला आपले मानले की नुसते चालवून घेतले, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

मिश्र वयाच्या पिल्लांचा आणखी एक धोका आईच्या वागण्यात दिसत नाही, तो जमिनीत असतो. रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, प्रामुख्याने तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना होते. मोठी पिल्ले शिटेतून तिचे परजीवी बाहेर टाकतात, दमट आणि उबदार जागेत एक-दोन दिवसांत ते संसर्गक्षम होतात, आणि मागून आलेली लहान पिल्ले पहिल्याच दिवसापासून त्याच जमिनीवर चोच मारतात. मोठ्या कुक्कुटपालनात एका शेडमध्ये एकाच वयाचे पक्षी एकदम आणतात आणि एकदमच बाहेर काढतात, त्यामागे हे एक मोठे कारण असते. आमच्याकडे फार करण्यासारखे नव्हते. आडोसा दर दोन-तीन दिवसांनी पुढे सरकवला, ओले गवत लगेच काढले आणि पाण्याची थाळी विटेवर उंच ठेवली, म्हणजे तीत शिट पडणार नाही. खाद्य सगळ्यांना पिल्लांचेच दिले. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात चुन्याचे प्रमाण पिल्लांना लागते त्याच्या तिपटीहून अधिक असते आणि ते पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. ठिपकी त्या काळात अंडी घालत नव्हती, त्यामुळे पिल्लांच्या खाद्यावर तिचे काही अडले नाही.

सातांनी पाचवा आठवडा पूर्ण केला आणि एका संध्याकाळी ठिपकी खाली बसलीच नाही. ती उडून आपल्या जुन्या दांडीवर गेली. सात पिल्लांनी थोडा वेळ आरडाओरडा केला, मग एकेक करून तीही उडाली. दोन पडली, पुन्हा उडाली, आणि अंधार पडेपर्यंत सातही तिच्या शेजारी दांडीवर होती. तिच्या दृष्टीने हिशेब पुरा झाला होता. जमिनीवर तीन पिल्ले उरली, आणि त्यांतले काळे चार आठवड्यांचेही झालेले नव्हते. पाठीवर अजून लव होती, मानेवर तुरळक पिसे. तिघेही ठिपकी जिथे रोज बसत असे त्या गवतातल्या खळग्याभोवती फिरत होती. मोठे नवे पिल्लू मध्ये बसले, दुसरे त्याला टेकले, आणि काळे सवयीप्रमाणे वळसा घालून मागच्या बाजूने दोघांच्या मध्ये शिरू लागले.

मी आणखी दोन आठवडे त्या तिघांना रात्री खोक्यात दिव्याखाली ठेवले आणि सकाळी सोडले. दिवसा ठिपकी त्यांना खाद्याच्या थाळीवरून हाकलू लागली होती, सातांनाही आणि तिघांनाही, त्यात भेदभाव नव्हता. तिची कलगी पुन्हा लाल झाली होती. दोन आठवडे संपायच्या आत एका संध्याकाळी खोके घेऊन गेले तर तिघे जमिनीवर नव्हती. ती सगळ्यात खालच्या दांडीवर, भिंतीच्या टोकाला ओळीने बसली होती, आणि काळे दोघांच्या मध्ये होते.

ठिपकी आता परत अंडी घालते, त्याच कोपऱ्यात. खुराड्याच्या दाराला मी एक जाड काळा मार्कर दोरीने बांधून ठेवला आहे, आणि आता फुली न काढता अंड्याभोवती पूर्ण वळसा काढते.